घुटीवरून अबोला: सासू, सून आणि २३ दिवसांचं बाळ

नव्याने आई झालेल्या मुली समुपदेशनाला येतात तेव्हा एक प्रश्न थोड्याफार फरकाने हमखास येतो. "सासूबाई बाळाला घुटी देतात, मध चाटवतात, धुरी देतात. डॉक्टर सांगतात, आईच्या दुधाशिवाय काही नको. बोलले तर घरात अबोला, नाही बोलले तर जीव टांगणीला. काय करू?" पुढची हकिगत अशाच घरांच्या अनुभवांतून एकत्र केलेली आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घर सातारा जिल्ह्यातलं. सून २४ वर्षांची, पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचं, पण तिची आई हयात नाही, म्हणून सगळं सासरीच. नवरा चाकणला कारखान्यात; शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी निघतो. सासूबाईंनी स्वतःची तीन मुलं वाढवलेली, भावकीतल्या कितीतरी बाळंतिणींचं केलेलं. भेट झाली तेव्हा बाळ २३ दिवसांचं होतं आणि दोघींमधलं बोलणं "जेवायला वाढलंय" एवढ्यावर आलं होतं.

अशा वेळी दोघींना आधी वेगवेगळं ऐकायचं असतं. सासूबाईंचं पहिलंच वाक्य होतं, "माझी तीन पोरं याच घुटीवर वाढली. काय झालं त्यांना?" याला उत्तर द्यायची घाई करू नये. त्या काळी कितीतरी तान्ही बाळं दगावत, हे खरं आहे. पण ते तोंडावर सांगितलं की समोरच्या बाईला आपल्या जन्मभराच्या कष्टांना नावं ठेवल्यासारखं वाटतं आणि पुढचं ती ऐकत नाही. त्यापेक्षा चार साधे प्रश्न विचारावेत: कोणती वस्तू, किती, कधी आणि कशासाठी?

सासूबाईंनी सगळं नीट सांगितलं. सकाळी आंघोळीनंतर सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, बदाम आणि खारीक. प्रत्येकाचे दोन वेढे, जायफळाचे मात्र चार, कारण बाळ संध्याकाळी फार रडतं. त्यांच्या सासूच्या हाताखाली पहिल्या महिन्यात एकच वेढा असे, आणि उगाळायला आईचं दूध. आता त्याऐवजी पाणी आणि वर बोटभर मध. शिवाय "घसा सुकू नये" म्हणून दिवसातून दोनदा चमचाभर पाणी. बाळंतिणीला दिवसभरात मोजून तीन भांडी पाणी. डाळी आणि फळं बंद, कारण "बाळाला वात होतो".

सुनेने पिशवीतून बाळाचं कार्ड काढलं. जन्माचं वजन २.८ किलो, त्या दिवशीचं २.८६. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. त्यानंतर पहिले तीन महिने ते रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढायला हवं. म्हणजे या बाळाचं वजन निदान ३ किलोच्या आसपास असायला हवं होतं. लघवीही चोवीस तासांत चार वेळाच होत होती. दूध पुरेसं मिळणाऱ्या बाळाला पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त वेळा होते.

त्यामुळे पहिलं काम समुपदेशनाचं नव्हतंच. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं ठरलं, आणि सासूबाईंना बरोबर न्यायचंच, असंही ठरलं. तपासताना आजी खोलीत असली पाहिजे. डॉक्टरांचं म्हणणं सुनेच्या तोंडून घरी पोचलं की ते सुनेचं म्हणणं होतं.

बाळाला जंतुसंसर्ग नव्हता. ते कमी पीत होतं. सकाळी घुटीने आणि पाण्याने इवलंसं पोट भरे, जायफळाने दुपारभर गुंगी येई, दूध ओढण्याच्या वेळा आठ-बारावरून पाच-सहावर आल्या होत्या. स्तनातलं दूध जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं. ओढणं कमी झालं की तेही उतरतं. मग "हिला दूधच पुरत नाही" असं घरात म्हटलं जातं आणि वरचं आणखी वाढतं. हे चक्र आम्हांला फार घरांत दिसतं.

बाळ संध्याकाळी का रडत होतं? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होणारं हे संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. घुटी दिली तरी ओसरतं, नाही दिली तरी ओसरतं. पण घुटी देणाऱ्या घरात श्रेय घुटीला मिळतं, आणि ते पिढ्यान् पिढ्या मिळत आलं आहे. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी डोळ्यांनी तसंच पाहिलं होतं. हे त्यांना याच शब्दांत सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

पुढची बैठक तिघांची होती, रविवारी सकाळी, नवरा घरी असताना. "जुनं की नवं" या वादातून कुठलंच घर बाहेर पडत नाही, म्हणून तो विषयच बाजूला ठेवला. रोजची प्रत्येक गोष्ट घेऊन एकच विचारलं: हे बाळाच्या आत जातं की बाहेरून लागतं? तोंड, नाक, डोळे, कान आणि श्वास यांतून आत जाणारं सध्या सगळं थांबवायचं. कातडीवर, अंथरुणावर आणि आईच्या ताटात येणारं बहुतेक सगळं ठेवायचं, थोडं सुधारून. या एका प्रश्नाने निम्मं भांडण मिटलं, कारण सासूबाईंच्या लक्षात आलं की त्यांच्याकडचं बरंच काही राहणार आहे.

आत जाणाऱ्यांत सर्वांत आधी मध. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात; ते उकळूनही मरत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मिळतो. तिथे तयार होणाऱ्या विषाने आधी शी थांबते, मग चोखणं मंदावतं, मान आणि अंग लुळं पडतं, कधी श्वासही. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. पुष्य नक्षत्रावर दिलं जाणारं सुवर्णप्राशनही मध-तुपातच असतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वेखंड जास्त झालं की तान्ह्या बाळाला उलट्यांवर उलट्या होतात. शिवाय मुळी किती जुनी, तिला बुरशी आहे का, सहाण कशाने धुतली, हे रोज कोण बघतं? हगवणीची सुरुवात बऱ्याचदा सहाणेवरच होते. पाणीही नको, आईच्या दुधात ते पुरेसं असतं, अगदी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातसुद्धा. पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब.

धुरीवर सासूबाई अडल्या. ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळाला त्यावर धरलं की "सर्दी धरत नाही". खरं तर तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग इतका अरुंद असतो की धुराने तो आणखी सुजतो. बंद खोलीत शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शेवटी ठरलं ते असं: धुरी अंगणात, बाळाशिवाय. बाळंतिणीला शेक गरम पाण्याच्या पिशवीने, फडक्यात गुंडाळून. काजळ डोळ्यांत नाही. त्यात शिसं असू शकतं, आणि बोटाने घातलं की डोळे येतात ते वेगळंच. तीट मात्र तळपायाला लागली. नजरेची भीती चेष्टेने घालवता येत नाही, आणि तळपायावरच्या ठिपक्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आता ठेवायच्या गोष्टी. मालिश हे फार मोठं धन आहे आणि ते सोडायला सांगणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. खोबरेल किंवा तिळाचं तेल, हलक्या हाताने, दहा-पंधरा मिनिटं, दूध पाजल्यावर लगेच नाही. मोहरीचं तेल नको, बाळाची कातडी त्याने चुरचुरते. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना सासूबाईंनीच तीन गोष्टी सांगायच्या ठरल्या: बाळाच्या छातीच्या गाठी पिळायच्या नाहीत, नाका-कानात तेल सोडायचं नाही, लव काढायला पीठ घासायचं नाही. जन्मानंतर मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी फुगते. ती आईच्या संप्रेरकांमुळे फुगते आणि आपोआप बसते. पिळली की गळू होतं. पायांवर घेऊन न्हाऊ घालणं उत्तम. पाणी आधी कोपराने बघायचं. टाळूवर हलकं तेल लावायला हरकत नाही, पण टाळू "भरते" ती हाडं वाढून, साधारण वर्ष-दीड वर्षात. तेलाने नाही, म्हणून दाबायची नाही. दुपट्यात गुंडाळताना हात आत चालतील, पाय सरळ करून बांधायचे नाहीत. खुब्याचा सांधा निसटू शकतो.

बाळंतिणीच्या ताटात तर जुन्या बायकांचं शहाणपण भरलेलं आहे. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, बाळंतशोपा. अळिवात लोह भरपूर, आणि बाळंतपणात रक्त गेलेलं असतं. खोट फक्त पाणी, डाळ आणि फळं तोडण्यात होती. त्याने बद्धकोष्ठ होतो, डोकं दुखतं, टाके असतील तर हाल होतात. दर वेळी पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, हे काम सासूबाईंनी घेतलं. सव्वा महिन्याची विश्रांतीही जशीच्या तशी राहिली.

नवऱ्याकडून एक गोष्ट बिघडली. आईला पटावं म्हणून तो सोमवारपासून फोनवर डॉक्टरांचे व्हिडिओ पाठवत राहिला. सासूबाईंना वाटलं, पोरगा आता बायकोच्या बाजूने शिकवणी घेतोय, आणि दोन दिवस पुन्हा अबोला. त्याला सांगितलं, व्हिडिओ बंद. रोज रात्री फोन करायचा तो आधी आईला, आणि म्हणायचं, "आई, बाळाला वरचं काही द्यायचं नाही हे मी ठरवलंय. वजन वाढतंय का ते तू बघ." निर्णय आपला म्हणून सांगणं हे मुलाचं काम आहे. "ती म्हणते", "डॉक्टर म्हणतात" अशा आडोशाने सुनेच्या डोक्यावर सगळं येतं.

वजन बघायचं काम आजीकडे देण्यामागे कारण होतं. आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवून तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले; ते निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि २०११ पासून हाच कार्यक्रम देशभर सुरू झाला. सासूबाईंना हे सांगितलं ते मुद्दाम: बाळं वाचली ती गावच्या, कमी शिकलेल्या बायकांच्या हातून. २८ व्या दिवशी वजनाचा काटा धरायला त्याच पुढे झाल्या. ३.०२ किलो. ४२ व्या दिवशी ३.४५. मधल्या काळात कुणी पाहुणी मधाची बाटली घेऊन आली, तर ती आत ठेवून द्यायचंही काम आजींनीच केलं.

सुनेचं मात्र वेगळं बघावं लागलं. बाळ झोपलं तरी तिला झोप नव्हती, सतत रडू येत होतं. पहिल्या दोन आठवड्यांत असं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. त्यानंतरही राहिलं, कशातच मन लागेना किंवा स्वतःला-बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर ते आजारपण आहे आणि त्याला उपचार आहेत. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. शासनाची 'टेलिमानस' मदतवाहिनी १४४१६ वर दिवसरात्र मिळते.

शेवटच्या भेटीत सासूबाईंनी विचारलं, "मग सहा महिन्यांनी तरी घुटी?" घुटी नाही, पण डब्यातली खारीक आणि बदाम कामाला येतील. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. सहा महिने पूर्ण झाले की त्याची दाटसर खीर, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी, दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. खारकेची बारीक पूड चिमूटभर, साखर-मीठ नाही; बदामाची अगदी बारीक पूड आठवड्याने, एकटीच, म्हणजे काही सोसलं नाही तर कळेल. आईचं दूध चालूच.

आणि एक गोष्ट घरातल्या तिघांनाही पाठ करून घ्यायला लावली. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा बेंबीभोवती लाली आली, तर घरात कुणालाच विचारत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं.