पिछवाई गुंडाळली की रंगाला भेगा का पडतात?

पंचवटीतल्या देवळासाठी तुम्ही चार बाय पाच फुटांची पिछवाई, म्हणजे मूर्तीमागे टांगायचा चित्रांचा कापडी पडदा, रंगवलीत, गुंडाळून नेलीत आणि उलगडली तर कमळांवर आडव्या भेगा. नुसता रंग बदलून काही होणार नाही, भेग अस्तरात, म्हणजे रंगाखालच्या लेपात आहे. दोन मांजरपाट चिंचोक्याच्या खळीने चिकटवून वर खडूचा लेप देणं ही ओडिशातल्या पट्टचित्राची रीत. तो पट पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. पिछवाईचं तसं नाही. श्रीनाथजी, म्हणजे कृष्णाचं रूप, १६७२ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात विराजमान झाले, तिथे मूर्तीमागचा हा पडदा सणासणाला बदलतात: शरद पौर्णिमेला रासाचा, गोपाष्टमीला गाईंचा. जो पट उतरवायचा आहे, तो एकेरी आणि लवचीकच हवा.

नवा करताना मांजरपाट उकळत्या पाण्यातून दोनदा काढा. गिरणीची खळ उरली तर रंग डागाडागांनी शोषला जातो. अर्धी वाटी मैदा सहा वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळा. कापड चौकटीवर ताणून ही पातळ खळ दोन्ही बाजूंनी द्या, सावलीत वाळवा. मग गुळगुळीत पाटावर पालथं घालून अकीकच्या दगडाने घोटा. आता कोपरा दुमडून पाहा: घडीवर पांढरी रेघ उमटली तर खळ जास्त झाली. तेव्हाच धुऊन टाका, पुढे इलाज नाही.

रंगात बाभळीचा डिंक. रंगाचा एक पट्टा ओढून वाळू द्या आणि त्यावर बोट फिरवा. भुकटी लागली तर डिंक कमी, काचेसारखी चकाकी आली तर जास्त, आणि तोच पुढे तडकतो. पिवळ्यासाठी हरताळ हा खनिज रंग नको, त्यात आर्सेनिक हे विष असतं. पिवळी माती वापरा, झळाळी थोडी कमी, पण घरात घोटायला निर्धोक.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर, मध्ये मलमल, आत निदान चार इंची पाइप. नाशिकच्या पावसाळ्यात दगडी भिंत ओलावते आणि खळीला बुरशी धरते, म्हणून वर लाकडी पट्टी लावून पट भिंतीपासून इंचभर पुढे टांगा. समईची काजळी बसली तर कोरड्या मऊ कुंचल्याने झटका. ओलं फडकं कधीच नाही, डिंक पाण्यात विरघळतो.

भेगाळलेली पिछवाई टाकू नका. ती पुन्हा गुंडाळायची नाही, एवढंच. सभामंडपाच्या कोरड्या भिंतीवर कायमची टांगा.