लीडचा भाव कसा ठरतो? नळाची 40 ला, गच्चीची 300 ला का?

तुमचा प्रश्न असा, की साताऱ्यात नळाच्या कामाची लीड (म्हणजे काम करून हवं असलेल्या गिऱ्हाईकाची चौकशी, जी वेबसाइटवाली कंपनी आपल्याला विकते) 40 रुपयांना मिळते आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची 300 ला. हातात पडतो तो एक मोबाईल नंबरच, मग कंपनी मनाला येईल तो भाव लावते का? मी सांगलीत वॉटरप्रूफिंग करतो, चार वर्षं अशा लीड विकत घेतोय, त्यामुळे हिशोब पाठ झालाय.

भाव कामाच्या सरासरी रकमेवर लागतो. एकच लीड बहुधा तीन-चार जणांना विकतात. चौघांचे 300 म्हणजे कंपनीकडे 1200 जमा. गच्चीचं काम 25,000 चं धरलं तर ही पाच टक्क्यांच्या आतली दलालीच झाली, फक्त काम मिळायच्या आधीच घेतलेली आणि तीही न मिळणाऱ्यांकडूनसुद्धा. दुसरं म्हणजे, ते गिऱ्हाईक गुगलवर शोधत असताना त्याला स्वतःकडे वळवायला कंपनीनेही जाहिरातीचे पैसे मोजलेले असतात. तिथे बोली चालते. ज्या कामासाठी बोली लावणारे जास्त, तिथे क्लिक महाग. तो खर्च शेवटी आपल्याच अंगावर येतो.

आता खरा हिशोब. 300 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 354. (जीएसटी नंबर असेल तर तेवढे आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतात, माझ्याकडे नव्हता.) दहा लीडचे 3540. त्यात तिघं फोनच उचलत नाहीत, दोघं नुसता भाव विचारतात, पाच ठिकाणी साइट बघून येतो आणि दोन कामं पक्की होतात. एका कामामागे 1770, म्हणजे 25,000 वर सात टक्के. नळाच्या दहा लीड 472 ला पडतात. चार कामं मिळाली तरी एकामागे 118, आणि नळाची मजुरी 300. म्हणजे स्वस्त लीडने तुमची एक तृतीयांशाहून जास्त मजुरी खाल्ली, पेट्रोल वेगळंच. म्हणून लीड कितीला पडली ते सोडा, पक्कं झालेलं एक काम कितीला पडलं ते वहीत लिहा. कंपन्या थेट रुपयांत भाव न सांगता क्रेडिट, म्हणजे आधी पैसे भरून घ्यायचे पॉइंट, का विकतात, तेही मग कळेल: खरा खर्च चटकन लक्षात येत नाही.

दहात किती कामं होतील हे विक्रीवाल्याला विचारू नका. अमेरिकेत लीड विकणाऱ्या होमॲडव्हायझर कंपनीने कारागिरांना लीडच्या दर्जाबद्दल फसवे दावे केले म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2022 मध्ये तक्रार केली, आणि 2023 मध्ये 72 लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं ठरलं. आपल्याकडे तर तोंडी आश्वासनांवरच पॅकेज गळ्यात मारतात. विश्रामबागेतल्या एका काकूंना मी लीड आल्या आल्या पाचव्या मिनिटाला फोन लावला, तर म्हणाल्या, "अहो, तुमचा सातवा!" त्यांनी दोन वेबसाइटवर नाव टाकलं होतं. तेव्हापासून आधी विचारतो, अजून कुणाकुणाला कळवलंय.

आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला की चौकशा वाढतात आणि मी जिथून लीड घेतो त्या वेबसाइटवर भावही चढतो. पण ओल्या स्लॅबवर कोटिंग टिकत नाही, काम ऑक्टोबरनंतरच. तोवर गिऱ्हाईक ताडपत्री टाकून विसरलेलं असतं. जुलैच्या लीडवर मी पहिल्या वर्षी जेवढे पैसे घातले तेवढ्यात मजुरांचा एक आठवड्याचा पगार झाला असता. आता मार्च ते मेमध्येच घेतो.

काम झाल्यावर कमिशन घेणारी वेबसाइट बरी का, हेही तुम्ही विचारलंय. 2014 ला सुरू झालेली अर्बनक्लॅप (2020 पासून अर्बन कंपनी) आधी बऱ्याच कामांसाठी लीडच विकायची, नंतर कमिशनकडे वळली. कमिशनमध्ये काम न होण्याचा तोटा कंपनीला बसतो, म्हणून ती दर आणि पद्धतही स्वतःच ठरवते. नळ, एसी सर्व्हिसिंग अशा ठरीव कामांना ते जमतं. गच्चीचं मात्र प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कोटेशनच देता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर नळाच्या लीड बंद केल्या असत्या आणि गच्चीच्या महिन्याला पाचच घेतल्या असत्या, त्याही फक्त स्वतंत्र बंगल्यांच्या. अपार्टमेंटची लीड त्याच भावात येते, पण तिथे सोसायटीची मीटिंग होईपर्यंत पावसाळा येतो.