रोबोट नसलेल्या रुग्णालयात रोबोटिक सर्जरीची तयारी

प्रश्न : मी नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात सर्जरी शिकतोय. इथे रोबोट नाही. नागपूरला प्रशिक्षणाला जाण्याआधी काय करता येईल?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : बरंच काही. शिकणाऱ्याचं पहिलं काम कन्सोलवर (जिथे बसून सर्जन रोबोट चालवतो) नसतं, रुग्णाशेजारी असतं : पोर्ट (उपकरणं आत जाण्यासाठीच्या नळ्या) घालणं, यंत्राचे हात जोडणं, उपकरणं बदलणं. दोन पोर्टमध्ये साधारण ८ सेंमी अंतर लागतं. कमी पडलं की हात एकमेकांवर आदळतात. रक्तस्राव झाल्यास उपकरणं काढून हात सोडवण्याचा क्रम आत्ताच तोंडपाठ करा. त्या क्षणी विचारायला वेळ नसतो.

दुसरी अडचण स्पर्शाची. बहुतेक रोबोटमध्ये ओढीचा ताण हाताला कळत नाही, म्हणून नवशिक्यांचा धागा तटकन तुटतो. यावर आपलं संत्रं उत्तम! लॅपरोस्कोपीच्या (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या) बॉक्स ट्रेनरमध्ये, म्हणजे सरावाच्या खोक्यात, ते ठेवून सोला, फोडीवरचा पापुद्रा रस न सांडता काढा, मग सालीला ३-० जाडीच्या धाग्याने टाके घाला. गाठ आवळताना नजर सालीच्या कडेवर हवी. कड दुमडली किंवा चिरली, की ताण जास्त झाला. टाक्याला लागणारा धागा चिमट्यात मधोमध धरू नका; तो तिथे चिरडतो आणि पुढच्या ओढीला तुटतो. शेपटाकडून धरा.

रोबोटचं वळणारं मनगट आणि क्लचचं पेडल (ते दाबलं की उपकरणं न हलवता आपले हात सोयीच्या जागी आणता येतात) मात्र बॉक्समध्ये शिकता येत नाही. नागपूरला गेल्यावर सिम्युलेटरचे तास आधी मागून घ्या.