उसन्या अवसानावर तळघर आवरत नाही

*ताई,*
*मोठ्या आजारपणातून उठून दीड वर्ष झालं, पण अंगात पूर्वीचं त्राण काही परत आलं नाही. आमच्या तळघरातल्या खोलीत वीस वर्षांची अडगळ आहे. थंडीत तसंही बाहेर पडणं होत नाही, म्हणून म्हटलं या हिवाळ्यात ती खोली लावून टाकू. एका रविवारी उतरले, सगळी खोकी ओढून मधोमध काढली, पाच तास खपले. सोमवारी ठीक होते. मंगळवारपासून तीन दिवस अंथरुणात. आता खाली पाय ठेवायला जागा नाही, जिन्याचं दार उघडलं तरी रडू येतं. नवरा म्हणतो, "एका दिवसात रिकामी करून देतो." म्हणजे सगळं फेकून देणार! त्यात माझ्या आईचं शिलाई मशीन आहे. ते ठेवू की देऊन टाकू, तेही ठरत नाही. मी आळशी झालेय का?*
*– तळघरात अडकलेली*

प्रिय अडकलेली,

आळशी माणूस पाच तास खोकी ओढत नाही, त्यामुळे तो प्रश्न निकालात.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे 'सोमवारी ठीक होते'. रविवारी तुम्ही उसनं अवसान आणलंत आणि शरीराने वसुली मंगळवारी केली. दीर्घ आजारानंतर काही जणांचं असं होतं. श्रमाचा फटका लगेच बसत नाही, बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी बसतो. डॉक्टरांना नुसतं 'थकवा येतो' असं सांगू नका. 'काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळते' असं याच शब्दांत सांगा, कारण या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. आणि तोवर 'आज बरं वाटतंय, तर उरकून टाकू' हा मोह टाळा. बरं वाटणारा दिवसच तुमचा घात करतोय.

आता खोलीकडे वळू. सगळं एकदम बाहेर काढून मग लावायचं, ही निरोगी माणसाची पद्धत. तिच्यात काम अर्ध्यात सोडायची सोयच नसते. तुम्हाला मात्र कुठल्याही क्षणी दिवा मालवून वर येता आलं पाहिजे, आणि तरीही खोली कालच्यापेक्षा वाईट दिसता कामा नये. म्हणून एका वेळी एकच खोकं. ते संपलं तर उत्तम, नाही संपलं तर झाकण लावून जागच्या जागी.

पण पहिले दोन-तीन दिवस खोकीही उघडू नका. नुसती वाट करा. जिन्यापासून दिव्याच्या बटणापर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत, माणूस अंग तिरकं न करता चालू शकेल एवढी. खोकी दोन्ही बाजूंना सरकवायची, तीही नवऱ्याने. तुम्ही बोट दाखवायचं.

नवऱ्याचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही. त्याच्याकडे पाय आहेत, तुमच्याकडे नजर आहे. बसून चिंध्या निवडण्यापेक्षा जिना चढायला दुपटीहून जास्त ताकद लागते, आणि हातात ओझं असेल तर विचारूच नका. म्हणजे तुमची सगळी पुंजी जिना खातो, निवडानिवड नाही. म्हणून त्याने एका वेळी एक खोकं उचलून वर, उबेत, तुमच्या खुर्चीजवळ आणायचं. तुम्ही बसून निवडायचं. वीस मिनिटांचा गजर लावा आणि गजर झाला की थांबा, हातातली वस्तू हातात असली तरी. दमल्यावर थांबणं म्हणजे उशीरच. त्याच्याकडून एक वचन घ्या: तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. तुम्हीही एक द्या: वर आलेलं खोकं तसंच्या तसं खाली जाणार नाही. (हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय, कोण जाणे. माझ्याकडे एका डब्यात एकतीस किल्ल्या आहेत. त्यातल्या एकीचंही कुलूप घरात नाही. तीनदा निवडायला घेतला, तीनदा झाकण लावलं.)

फोटो आणि पत्रांची खोकी मात्र अगदी शेवटी. आठवणी निवडताना हात थकत नाहीत, माणूस थकतो.

हिवाळा तुम्ही चुकून निवडलात, पण बरोबर निवडलात. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते, २० अंशाच्या हवेत १७. म्हणून थंडीत तळघराची खिडकी दहा मिनिटं उघडली की कोरडी हवा आत येते आणि दमटपणा घेऊन जाते. उन्हाळ्यात नेमकं उलट होतं: बाहेरची गरम, दमट हवा तळघराच्या गार भिंतीला लागली की तिथेच पाणी सुटतं. तो कुबट वास बहुतेक त्याचाच असतो. पुठ्ठा ओल शोषतो, म्हणून जे ठेवायचं ते झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, जमिनीपासून चार बोटं वर फळीवर आणि भिंतीपासून थोडं सुटं ठेवा. बुरशी किंवा उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू अजिबात मारायचा नाही. मास्क लावून, जंतुनाशकाने भिजवून, मग पुसायचं. आणि हे काम नवऱ्याचं, तुमचं नाही.

खाली हीटर लावणार असाल तर खोक्यांपासून निदान तीन फूट लांब, आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला. एक्स्टेंशनची वायर नको. कोळशाची किंवा गॅसची शेगडी तर बंद तळघरात नेऊच नका. ती जळताना सुटणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

मार्चपर्यंत सगळी खोली होईल का? बहुधा नाही. वाट झाली, ओल गेली आणि दहा-बारा खोकी निवडून झाली, तर माझ्या हिशेबाने हिवाळा कारणी लागला. नवरा 'एवढंच?' म्हणाला तर त्याला हे पत्र वाचून दाखवा.

राहिलं आईचं मशीन. ठेवायचं की द्यायचं, हे या हिवाळ्यात ठरवायचं नाही. पण ओलीत ते गंजतंय, तेवढं थांबवू या. नवऱ्याला ते वर आणायला सांगा, एखाद्या सकाळी खिडकीजवळ बसून कोरड्या फडक्याने पुसा, सुईच्या दांड्याला आणि चाकाला मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि चाक हाताने हळूच फिरवून बघा. फिरलं तर मला कळवा.

– तुमची ताई