एफवायलाच पेठेत कॉट नको

अरे, एमपीएससीच्या तयारीसाठी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट, म्हणजे खोलीतली भाड्याची एक खाट, बघायची घाई करू नकोस. मी केली होती; कॉलेजची हजेरी गेली आणि अभ्यासिकेपेक्षा चहाच्या टपरीवरच जास्त बसलो. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झालीय, म्हणजे हाताला लिहायची सवय हवी. रोज एक अग्रलेख वाच, पेपर मिटव आणि आठवेल तेवढं दीडशे शब्दांत पेनानेच लिही. पहिला महिना स्वतःचंच अक्षर वाचता येणार नाही. राज्य मंडळाची पुस्तकं आधी, क्लासच्या नोट्स नंतर. पदवीचा विषय मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून चालणारा असेल तर तीच मेहनत दोनदा कामी येते. इंग्रजी मात्र सोडू नकोस. निवड होऊन पोस्ट नाही मिळाली तर खासगी नोकरीच्या मुलाखतीत तीच लागते.