आईचा गुडघा बदलून दहा दिवस झाले, रात्रभर कण्हते आणि व्यायामाला नाही म्हणते. दुखणं कमी कसं करावं?

दहाव्या दिवशी रात्री दुखतंच, घाबरू नका. माझे दोन्ही गुडघे बदललेत, दोन वर्षांच्या अंतराने.

पहिल्या वेळी मी गोळ्या वाचवायची. सहन होतंय तोवर कशाला घ्यायची, हा हट्ट. सकाळी फिजिओथेरपीवाली पोरगी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी यायची आणि तिनं पाय धरला की मी पलंगाची कड पकडून ओरडायची. दुखतो म्हणून वाकवायचा नाही, वाकवला नाही म्हणून आखडायचा. तीन आठवड्यांनी जेमतेम ७० अंश! खुर्चीतून नीट उठायला ९० तरी लागतात. शेवटी तिनं विचारलं, "काकू, गोळी घेऊन राहिल्या ना बरोबर?" तेव्हा पितळ उघडं पडलं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळी घड्याळ लावून घेतली, त्यातली एक व्यायामाच्या अर्ध्या तासाआधी येईल अशी वेळ त्यांनाच विचारून बसवली. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. मनाने मात्र जास्तीची गोळी देऊ नका, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर अजिबात नाही. या गोळ्यांनी पोटही साफ होत नाही, त्यावरचं औषध मागून घ्या.

गुडघ्याखाली उशी ठेवली असेल तर आधी काढा. आराम वाटतो खरा, पण पाय सरळ व्हायचा राहतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा.

व्यायाम झाला की बर्फ. आपल्या मे महिन्यात कूलरसमोरसुद्धा बर्फाची पिशवी बघता बघता पाणी होते, म्हणून मी मटारची दोन पाकिटं फ्रीजरमध्ये ठेवली होती, आलटूनपालटून. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. (तेच मटार सुनेनं नंतर पुलावात घातले, ते मला जेवून झाल्यावर कळलं.) शेजारणी तेल चोळून द्यायला येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

गुडघा काही महिने गरम लागतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो. ते चालायचंच. पण पोटरी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा.

त्यांचा गुडघा सध्या किती वाकतो?