आवाज तुटतोय? आधी बफर बघा

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये गाणं वाजताना मध्येच टकटक, चरचर ऐकू येते म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. आधी गाणं एक्सपोर्ट करून, म्हणजे त्याची तयार फाइल काढून ऐका. फाइलमध्येही त्याच जागी टक् येत असेल तर दोष बहुधा रेकॉर्डिंगमध्ये किंवा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) न दिलेल्या कटमध्ये आहे. फाइल स्वच्छ असेल तर बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात आवाजाचे किती सॅम्पल (बारीक तुकडे) हाताळतो ते. सेकंदाला ४८००० सॅम्पल म्हणजेच ४८००० हर्ट्‌झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद, तेवढ्यात सगळ्या प्लगिनचं (इफेक्ट आणि वाद्यांच्या जोड-सॉफ्टवेअरचं) काम उरकलं नाही की आवाज तुटतो. रेकॉर्डिंगला १२८ ठेवा, मिक्सिंगला बिनधास्त १०२४. मिक्सिंगच्या वेळी आवाज थोडा उशिरा आला तरी काही बिघडत नाही.

तरीही तुटतच असेल तर सिस्टिमकडे वळा. विंडोजवर इंटरफेसच्या (माइक-वाद्यं कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाच्या) कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारा ड्रायव्हर वापरा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या. मग लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून ठेवतोय ते पाहा. माझा पहिला संशय वाय-फायवर असतो. ते बंद करून बघाच. मॅकवर ड्रायव्हरची कटकट कमी, पण दोन ऑडिओ उपकरणं एकत्र जोडून त्यांचं अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस केलं असेल तर ड्रिफ्ट करेक्शन लावा, नाहीतर दोघांची आतली घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात. लिनक्सवर तुमच्या युजरला रिअलटाइम प्रायॉरिटीची (आवाजाचं काम इतर कामांच्या आधी करून घेण्याची) परवानगी आहे ना, ते तपासा.

एका वेळी एकच सेटिंग बदला. नाही सुटलं तर सिस्टिम, इंटरफेस, सॅम्पल रेट आणि बफर कळवा, मिळून शोधू.